स्पॅनिश पुढे न्यायचंय, पण मजेत. तुम्ही काय काय करता?

दुसरी_पायरी

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपूर्वी स्पॅनिश शिकायला सुरुवात केली. शिकवणी लावली, इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पॅनिश संस्थेची देले ए-2 परीक्षा (प्राथमिक पातळीची) दिली, पास झाले. मोबाइलवरच्या ॲपवर रोजची हजेरी आहे, एक दिवस चुकवलेला नाही. पण गेले सहा महिने गाडी एकाच जागी रुतून बसली आहे. वर्तमानपत्राचे मथळे कळतात, कुणी माझ्याशी सावकाश बोललं तर कळतं. दोन स्पॅनिश माणसं आपापसात बोलायला लागली की मात्र अधूनमधून 'पेरो' (पण) आणि 'पोर्के' (कारण) तेवढं ऐकू येतं, बाकी नुसता आवाज. पुढच्या पातळीचं, बी-1चं पुस्तक आणून ठेवलंय. ते उघडलं की क्रियापदांचे तक्ते दिसतात आणि ते परत मिटावंसं वाटतं.

भाषा मला मनापासून आवडते, तेव्हा सोडायची नाही हे नक्की. पण संध्याकाळी थकून आल्यावर तक्ते पाठ करण्याचं बळ उरत नाही. असं काहीतरी हवंय ज्याची मी दिवसभर वाट पाहीन. 'रोज वीस शब्द पाठ करा' हे करून झालंय. तुम्ही स्वतः काय करता, ज्यात मजाही येते आणि भाषाही पुढे सरकते, ते सांगा ना. बारीकसारीक तपशिलांसकट सांगितलंत तर फार बरं.

रातकिडा

तुमचं दुखणं ओळखीचं आहे. ॲपवर शब्द भेटतात ते एकेक, सुटे सुटे. बोलण्यात ते सुटे राहतच नाहीत. 'बा आ आब्लार' म्हणजे 'तो बोलणार आहे'. कागदावर हे तीन शब्द ऐसपैस बसलेले असतात, तोंडातून निघताना 'बाब्लार' एवढंच निघतं. तीन 'आ' एकमेकांत विरघळून जातात. 'एस्ता आकी'चं (तो इथे आहे) 'एस्ताकी' होतं. तुम्हाला शब्द येत असतात, व्याकरणही येत असतं, फक्त कानाला ही जोडाजोड माहीत नसते. आणि कान तयार होतो तो भरपूर ऐकूनच.

मी ड्रीमिंग स्पॅनिश या संकेतस्थळाच्या व्हिडिओंपासून सुरुवात केली. समोरचा माणूस फळ्यावर चित्रं काढत, हातवारे करत, फक्त स्पॅनिशमध्ये गोष्ट सांगतो. अगदी नवख्यांसाठी वेगळे, मधल्या पायरीसाठी वेगळे. 1980च्या दशकात स्टीफन क्रॅशन या भाषाशास्त्रज्ञाने जे मांडलं तेच यामागे आहे: जे ऐकतोय त्यातलं बरंचसं कळत असेल आणि थोडंसंच नवीन असेल, तर भाषा आपोआप मुरत जाते. त्यांच्या आराखड्यात शेवटचा टप्पा 1500 तासांचा आहे. आकडा बघून घाबरू नका. मी तास मोजले, पण तास भरायचे म्हणून ऐकलं नाही. कपड्यांच्या घड्या घालताना, चालायला गेल्यावर, झोपण्याआधी, असं ऐकत गेलो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण यात माझे तीन-चार महिने वाया गेले. मी इंग्रजी मालिका स्पॅनिश डबिंग लावून, खाली स्पॅनिश सबटायटल्स ठेवून बघायचो. ऐकू येतंय एक आणि खाली लिहिलंय भलतंच! मला वाटायचं माझाच कान कच्चा. नंतर कळलं की डबिंगचं भाषांतर वेगळं होतं आणि सबटायटल्सचं वेगळं. डबिंगवाल्याला ओठांच्या हालचालीशी जुळवून घ्यायचं असतं, सबटायटलवाल्याला ओळीत मावेल एवढंच लिहायचं असतं. दोन्ही बरोबर असतात, पण एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून मुळात स्पॅनिशमध्येच बनलेलं काही बघा. तिथे कान आणि डोळा बरोबरीने चालतात.

पानगळ

वाखू (वाचनखूण) साठवली. मीही याच मुक्कामावर अडकले आहे.

अडीच_घरं

दुसरी_पायरी, आधी एक विचारतो. स्पॅनिश क्षणभर बाजूला ठेवा. रविवारी दोन तास हातात आले आणि कुणी काही सांगणारं नसलं, तर तुम्ही काय करता? जे कराल तेच स्पॅनिशमध्ये करा. नवीन छंद लावून घेण्यापेक्षा आहे त्या छंदाची भाषा बदलणं सोपं.

माझं उदाहरण देतो. मी बुद्धिबळ खेळतो. लीचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर खात्याची भाषा स्पॅनिश केली आणि स्पॅनिशमध्ये डावांचं विश्लेषण करणाऱ्यांचे व्हिडिओ बघायला लागलो. पहिल्याच दिवशी मजा आली. डावात काय चाललंय ते पटावर दिसतच होतं, त्यामुळे शब्दाचा अर्थ शोधायला कुठे जावं लागलं नाही. निवेदक 'काबायो' म्हणाला आणि घोडा उडाला. झालं, शब्द कायमचा बसला.

आणि मग शब्दांचे धागे दिसायला लागले. बुद्धिबळाला स्पॅनिशमध्ये 'आखेद्रेस' म्हणतात. हा शब्द म्हणजे आपला 'चतुरंग'. इराणात गेला, तिथून अरबीत, अरबांबरोबर स्पेनमध्ये, आणि वाटेत झिजत झिजत आखेद्रेस झाला. 'शह-मात' तिथे 'खाके माते' आहे. 'पेओन' म्हणजे प्यादं, आणि दोन्ही शब्दांच्या मुळाशी पाय आहे, पायी चालणारा शिपाई. सगळ्यात गंमत 'आल्फिल'ची. आपण ज्याला उंट म्हणतो तो आल्फिल. अरबीत 'अल्-फील' म्हणजे हत्ती! आपला हत्ती मात्र तिथे 'तोर्रे', म्हणजे बुरूज. आपला वजीर तिथे 'दामा', म्हणजे बाई. 1561 साली रुइ लोपेस नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने बुद्धिबळावर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावाने जी सुरुवात जगभर ओळखली जाते तिला स्पॅनिशमध्ये 'आपेर्तुरा एस्पान्योला' म्हणतात. ती सुरुवात मी वर्षानुवर्षं खेळत होतो. तिच्या भाषेत तिच्यावरची चर्चा ऐकायला लागल्यावर ती जास्त जवळची वाटायला लागली.

भाषेचा फायदा असा की विश्लेषण करणारा माणूस सारखा 'जर-तर' बोलतो. 'इथे घोडा आणला असता तर वजीर गेला असता.' ही वाक्यरचना पुस्तकात शेवटच्या प्रकरणांत येते आणि भीती घालते. मी ती एका डावात पंधरा वेळा ऐकत होतो. तक्ता न बघता 'सी उबिएरा खुगादो...' ('खेळलो असतो तर...') तोंडात बसलं.

दुसरी_पायरी

अडीच_घरं, चतुरंग ते आखेद्रेस! अंगावर काटा आला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: रविवारी मी सायकल शर्यती बघते. स्वतःही चालवते, पण शर्यत बघायला बसले की तीन तास हलत नाही. त्याचा स्पॅनिशशी काही संबंध लावता येईल असं कधी डोक्यातच आलं नाही.

शब्दवेल्हाळ

धागा सकाळपासून वाचतेय, आता राहवेना. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे आणि लांबलचक आहे.

आपण सगळे स्पॅनिश शिकतो ते इंग्रजीच्या दारातून. पुस्तकं इंग्रजी, ॲप इंग्रजी, शिकवणारे उदाहरणं इंग्रजीतून देणारे. आणि मग जे इंग्रजी माणसाला अवघड जातं ते आपल्यालाही अवघड आहे असं आपण धरून चालतो. मी शिकवणीत 'गुस्तार' क्रियापदावर दोन तास घालवले. 'मला आवडतं' म्हणायचं तर वाक्य उलटं फिरवा, कर्त्याचं कर्म करा, असं बरंच काही. घरी येऊन वही उघडली आणि एकदम लख्ख दिसलं. 'मे गुस्ता एल मार': मला समुद्र आवडतो. 'मे गुस्तान लोस पेर्रोस': मला कुत्रे आवडतात. आवडणारी गोष्ट एक असेल तर क्रियापद एकवचनी, अनेक असतील तर अनेकवचनी, आणि आपण नुसते 'मला'. फिरवायचं काय त्यात? आपण जन्मापासून असंच बोलतोय!

त्या दिवसापासून मी इंग्रजीला मधून उठवलं. आणि एकेक दार उघडत गेलं.

भूतकाळाचे दोन प्रकार घ्या, ज्यावर सगळे अडतात. 'फुई' आणि 'इबा', दोन्हीला इंग्रजीत बहुतेक वेळा एकच रूप भेटतं. मराठीत 'गेलो' आणि 'जायचो' यांत आपण कधी गोंधळतो का? 'लहानपणी आम्ही नदीवर जायचो' हे 'इबामोस'. 'काल नदीवर गेलो' हे 'फुइमोस'. 'पाऊस पडत होता' हेही 'इबा'च्याच घरातलं, 'योबिया'. म्हणजे 'जायचो' आणि 'जात होतो' या दोघांना तिथे एकच रूप आहे, एवढं लक्षात ठेवलं की काम झालं.

मग ते बदनाम सुबखुन्तीबो, म्हणजे इच्छा, आशा सांगताना लागणारं क्रियापदाचं रूप. 'किएरो के बेंगास'. पुस्तकात याची अठरा कारणं दिलेली असतात. मराठीत म्हणून बघा: 'तू यावंस असं मला वाटतं.' 'एस्पेरो के युएबा': 'पाऊस पडावा अशी आशा आहे.' यावंस, पडावा, ही रूपं आपल्याकडे आहेतच. आणि 'ओखाला युएबा' म्हणजे 'देव करो नि पाऊस पडो'. हा 'ओखाला' अरबीतून आलाय आणि त्यात खरोखरच देवाचं नाव लपलेलं आहे.

आणखी एक. 'बेओ ला कासा' पण 'बेओ आ मी एर्माना'. माणूस असला की मध्ये 'आ' का येतो यावर पानंच्या पानं लिहिलेली आहेत. आपण 'मी घर बघतो' म्हणतो आणि 'मी बहिणीला बघतो' म्हणतो. तो 'आ' म्हणजे आपला 'ला'. पुढे बारकावे आहेत, पण पहिला पाय इथे ठेवता येतो.

उच्चारांचंही तेच. स्पॅनिश 'प, त, क' हे आपले साधे प, त, क आहेत. इंग्रजी बोलणाऱ्याला जीभ दातांवर आणायला शिकावं लागतं, आपली ती आधीपासूनच तिथे आहे.

सगळंच मराठीतून सुटत नाही, हेही सांगते. 'सेर' आणि 'एस्तार', दोन्ही आपल्याला 'आहे'. 'एस आबुर्रिदो' म्हणजे माणूस कंटाळवाणा आहे, 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळला आहे. तिथे क्रियापद बदलतं, इथे आपण 'आहे'च्या आधीचा शब्द बदलतो. आणि लिंगाच्या बाबतीत आपलं काही चालत नाही. आपला हात 'तो', त्यांची 'मानो' ती. 'मापा' आणि 'प्रोब्लेमा' आकारान्त असूनही पुल्लिंगी. हे डोक्यात कोंबावंच लागतं.

यातून माझा खेळ तयार झाला. प्रवासात, रांगेत, कुठेही, शेजारी जे मराठी कानावर पडेल ते मनात थेट स्पॅनिशमध्ये म्हणायचं. 'अगं, माझं विसरलंच!' याला इंग्रजीतून गेलं तर मी कर्ता होते, मी विसरले. स्पॅनिशमध्ये 'से मे ओल्बिदो', जणू ते आपलं आपणच विसरलं गेलं. 'माझ्या हातून ग्लास पडला': 'से मे कायो एल बासो'. मी पाडला नाही हं, पडला. हे वाक्य पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी एकटीच हसत उभी होते.

शब्दांतही नातेवाईक सापडतात, बहुतेक पोर्तुगीजांनी आणून सोडलेले. 'बिसाग्रा' म्हणजे दाराची बिजागरी. 'बाल्दे' म्हणजे बालदी. 'कार्तुचो' म्हणजे काडतूस. 'पागार' म्हणजे पैसे देणे, आणि आपण पगार घेतो.

रातकिडा

शब्दवेल्हाळ, 'यावंस' आणि 'बेंगास' वाचून मी उठून वही आणली. ही गोष्ट मला कुणी चार वर्षांपूर्वी सांगायला हवी होती.

पानगळ

'तो' हात आणि 'ती' मानो, हे लक्षात ठेवायला काही युक्ती?

शब्दवेल्हाळ

पानगळ, नुसता शब्द कधीच लिहायचा नाही. 'मानो' नाही, 'ला मानो'. 'दीआ' नाही, 'एल दीआ'. आणि शक्य तिथे एक विशेषण चिकटवायचं, 'ला मानो फ्रीआ', थंड हात. विशेषणाचा शेवट कानात राहतो आणि लिंग त्याच्याबरोबर राहतं.

उंबरठा

सगळ्यांचे प्रतिसाद छान आहेत, पण एक इशारा द्यावासा वाटतो. मजा हवी म्हणून लिहिणं आणि चुका दुरुस्त करून घेणं टाळू नका.

मी जवळजवळ तीन वर्षं फक्त ऐकलं आणि बोललो. भाषा वाहती झाली, लोकांना माझं कळायचं, आणि कळतंय म्हणून कुणी चूक दाखवायचं नाही. 'पोर' आणि 'पारा' मी मनाला येईल तसे वापरायचो. त्या सवयी इतक्या घट्ट झाल्या की पुढे सोडवायला वर्ष गेलं. 'लो आगो पारा ती' म्हणजे तुझ्यासाठी करतोय, हे तुला मिळणार आहे. 'लो आगो पोर ती' म्हणजे तुझ्याखातर करतोय, तू आहेस म्हणून. भावनेच्या बोलण्यात हा फरक फार मोठा असतो, आणि मी एका जवळच्या मैत्रिणीला नेमकं चुकीचं बोलून दुखावलं होतं.

मला शेवटी उपयोग झाला तो रोजनिशीचा. फक्त पाच ओळी, झोपण्याआधी, त्या दिवशी घडलेली एकच गोष्ट. रोज घडलेलं सांगायचं म्हणजे भूतकाळ रोज लागतो. 'काय घडलं' आणि 'तेव्हा काय चाललं होतं' हे दोन्ही आपोआप येतात. आठवड्याने त्या ओळी ज्यांच्याशी भाषेची देवाणघेवाण चालते त्यांना पाठवायच्या आणि लाल करून घ्यायच्या. पहिल्या महिन्यात माझ्या पानावर निळ्यापेक्षा लाल जास्त होतं. पण ते माझ्या दिवसाबद्दल होतं, म्हणून परत वाचावंसं वाटायचं. व्याकरणाच्या पुस्तकातल्या पेद्रो आणि मारियाच्या दिवसाबद्दल मला तसं कधी वाटलं नाही.

लोकरीचा_गुंडा

उंबरठा, देवाणघेवाण कशी जमवलीत? मी टँडम या भाषा-देवाणघेवाणीच्या ॲपवर दोनदा प्रयत्न केला. 'ओला, कसे आहात, कुठे राहता' इथेच संपतं.

उंबरठा

माझंही आधी तसंच व्हायचं. मग दोन गोष्टी ठरवल्या. एक, घड्याळ लावायचं: वीस मिनिटं स्पॅनिश, वीस मिनिटं त्यांना हवी ती भाषा, मध्ये मिसळ नाही. दोन, विषय आधी ठरवून यायचा, आणि तो शक्यतो हातात धरता येईल असा. एक फोटो, एक बातमी, घरातली एक जुनी वस्तू. कोलंबियातल्या ज्या गृहस्थांशी माझं आता चार वर्षं बोलणं चालू आहे, त्यांच्याशी ओळख एका जुन्या कुलपाच्या फोटोवरून वाढली. ते मला अजून 'उस्तेद' म्हणतात. सुरुवातीला वाटायचं, एवढं परकेपण का? मग कळलं, कोलंबियात बऱ्याच भागांत मित्राला, घरच्यांनाही उस्तेद म्हणतात. पुस्तकात 'तू म्हणजे तू, उस्तेद म्हणजे तुम्ही' असं सरळ दिलेलं असतं. प्रत्यक्षात ते देशागणिक बदलतं.

आणि प्रत्यक्ष बोलायची भीती वाटत असेल तर आवाजी निरोपांपासून सुरुवात करा. तीनदा ऐकता येतं, विचार करून उत्तर देता येतं.

पानगळ

मग नक्की कुठली स्पॅनिश शिकायची? वीस देशांची ती राजभाषा आहे, सुमारे 50 कोटी लोकांची मातृभाषा. अर्जेंटिनाचं काही ऐकलं तर 'यो'च्या (मी) जागी 'शो' ऐकू येतं आणि 'तू'च्या जागी 'बोस'. मी पार गोंधळून जाते.

रातकिडा

ज्या देशाच्या आवाजाच्या प्रेमात पडाल तो निवडा आणि वर्षभर त्याला धरून राहा. एक कान पक्का झाला की बाकीचे ओळखता येतात. शब्द बदलतात हे खरं. 'बस'ला स्पेनमध्ये आउतोबुस, मेक्सिकोत कामिओन, अर्जेंटिनात कोलेक्तीबो, क्यूबात 'ग्वाग्वा'. आणि चिलीत ग्वाग्वा म्हणजे तान्हं बाळ! पण यात अडायचं नाही. समोरचा समजून घेतो.

मधल्या पायरीवर पोहोचलात की रेडिओ आम्बुलान्ते हा पॉडकास्ट ऐका. लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या माणसांच्या खऱ्या गोष्टी, दर भागात वेगळा देश, वेगळा आवाज, आणि संकेतस्थळावर पूर्ण संहिता वाचायला मिळते. मी आधी नुसता ऐकतो, मग संहिता वाचतो, मग पुन्हा ऐकतो. तिसऱ्या वेळी धुकं गेल्यासारखं वाटतं.

लोकरीचा_गुंडा

अडीच_घरं यांचं वाचल्यावर मलाही माझं सांगायचा धीर आला. मी विणकाम करते. स्पॅनिशमध्ये विणकामाचे व्हिडिओ मुबलक आहेत आणि त्या बायका इतक्या मायेने, इतक्या सावकाश समजावतात की भाषेच्या कुठल्याही वर्गात मला तशा बाई भेटल्या नाहीत.

'पुन्तो' म्हणजे टाका. सुलट टाका 'देल देरेचो', उलट टाका 'देल रेबेस'. 'आगुखा' सुई, 'लाना' लोकर, 'ओबियो' लोकरीचा गुंडा, 'बुएल्ता' म्हणजे एक ओळ. आता बघा, बाई म्हणतात, 'तेखे दोस खुन्तोस', दोन एकत्र विण. मी विणते. चुकीचं ऐकलं असेल तर चार ओळींनी नक्षी वाकडी होते आणि लगेच कळतं. परीक्षेचा निकाल हातातच! आज्ञार्थ मला असा आला. शिवाय विणताना हात कामात असतात, त्यामुळे सारखा शब्दकोश उघडता येत नाही. ऐकत राहावं लागतं, आणि पुढच्या ओळीला अर्थ आपोआप उलगडतो.

हिरव्या रंगाचा एक स्वेटर मी पूर्णपणे स्पॅनिशमध्ये विणला. तो घातला की 'लासादा' आठवते, सुईवर घेतलेला मोकळा वेढा, ज्याने जाळीचं भोक पडतं. तो शब्द एका बाईंनी इतक्या लाडाने उच्चारला होता.

अडीच_घरं

लोकरीचा_गुंडा, फारच सुंदर.

दुसरी_पायरी, सायकल शर्यत बघता म्हणालात आणि स्पॅनिशशी संबंध काय विचारता? अहो, 'बुएल्ता'! आत्ताच ताईंनी लिहिलं, बुएल्ता म्हणजे ओळ, फेरी, वळसा. ला बुएल्ता, 1935 साली सुरू झालेली स्पेनची शर्यत. 21 टप्पे, तीन आठवडे, रोज तासन्‌तास तेच समालोचक, तेच शब्द, फक्त डोंगर वेगळे. भाषा शिकणाऱ्याला याहून काय हवं? इंग्रजी समालोचन बंद करा आणि स्पॅनिश लावा.

दुसरी_पायरी

ला बुएल्ता! मी ती दरवर्षी बघते. दरवर्षी, इंग्रजीत! यंदा ठरलं.

उंबरठा

सुरू व्हायच्या आधी गेल्या वर्षीच्या एखाद्या टप्प्याचा सारांश स्पॅनिशमध्ये बघून ठेवा. निकाल माहीत असला की कान मोकळा राहतो.

दुसरी_पायरी

मंडळी, परत आले. शर्यत संपली, आणि मी 21 पैकी 17 टप्पे स्पॅनिशमध्ये ऐकले.

पहिले तीन दिवस कठीण गेले. तिसऱ्या दिवशी आवाज बंद करून नुसतं बघायच्या बेतात होते. मग उंबरठा यांचं ऐकून आदल्या दिवशीचा सारांश सकाळी बघायला लागले आणि दुपारी थेट शर्यत. पाचव्या-सहाव्या टप्प्याला आकडे कानात शिरायला लागले. 'केदान त्रेस किलोमेत्रोस', तीन किलोमीटर उरलेत. उरलेले किलोमीटर अनेक, म्हणून 'केदान'. शेवटचा एक उरला की 'केदा उनो'. शब्दवेल्हाळ, हे तुमचं 'आवडतो-आवडतात'सारखंच झालं ना?

मग बाकीचे यायला लागले. 'एस्कापादा' म्हणजे पुढे निसटलेला गट. 'पुएर्तो' मी बंदर म्हणून शिकले होते, इथे तो डोंगरातला घाट निघाला. दुसऱ्याच्या मागे लपून वारा चुकवणाऱ्याला म्हणतात 'चुपा रुएदा', चाक चोखतोय. आणि ताकद एकदम संपून माणूस रस्त्यावर जागच्या जागी थांबल्यासारखा होतो, त्याला 'पाखारा' म्हणतात. पाखारा म्हणजे खरं तर पक्षीण. मला स्वतःला चढावर एकदा तसं झालंय. पाय आपले राहत नाहीत. त्या अवस्थेला माझ्याकडे कुठल्याच भाषेत शब्द नव्हता, तो आता मिळाला.

बी-1चं पुस्तकही उघडलं. 'जायचो'वाला धडा एका बैठकीत झाला. आणि रोजनिशी सुरू केली आहे, पाच ओळींची, लाल शाईसकट.

एक अडलंय. डोंगर चढताना कुणी मागे पडला की समालोचक म्हणायचे, 'से आ देस्कोल्गादो'. मागे पडला हे दिसत होतं. पण हा शब्द आला कुठून?

अडीच_घरं

'कोल्गार' म्हणजे टांगणे, लटकवणे. 'देस्कोल्गार' म्हणजे टांगलेलं खाली काढणे. म्हणजे तो गटाला लटकून होता, सुटला. आमच्या पटावर ज्या मोहऱ्याला कुणाचा आधार नाही, कुणीही येऊन मारावं, त्याला 'कोल्गादा' म्हणतात, टांगलेला. तुमच्याकडे सुटला की संपलं, आमच्याकडे टांगला की संपलं!

लोकरीचा_गुंडा

आणि आमच्याकडे विणताना सुईवरून टाका निसटला की व्हिडिओतल्या बाई म्हणतात, 'से मे आ एस्कापादो उन पुन्तो'. तुमची 'एस्कापादा' यातलीच आहे. शब्दवेल्हाळ, बघा हं, बाईसुद्धा 'मी टाका सोडला' म्हणत नाहीत. टाका सुटला!